मोजायचं, मापायचं की तोलायचं?

आपल्या मराठीत ‘मोजणे’ हे क्रियापद फार कामसू आहे. आपण पैसे मोजतो, पंगतीतली पानं मोजतो, ब्लाउजपीस मीटरने मोजून घेतो. भूमापक येऊन शेत मोजून जातो. परीक्षेचे दिवस मोजतो, माहेरी जायचेही मोजतो. ‘या साडीला दोन हजार मोजले’ असं म्हटलं की कुणी विचारत नाही, मोजले म्हणजे काय? मोजले म्हणजे दिले! एका शब्दावर इतकी कामं टाकायची आपल्याला सवय आहे आणि त्यात आपलं काही अडतही नाही.

अडतं ते दुसरी भाषा शिकायला बसल्यावर. माझी मुलगी पुण्यात नोकरी करता करता स्पॅनिश शिकते आहे. जगात वीस देशांची ती अधिकृत भाषा. स्पेन आहेच, शिवाय मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतचे कितीतरी देश. पुण्या-नागपूरकडच्या बऱ्याच मुली हल्ली नोकरीत उपयोग होईल म्हणून ही भाषा शिकतात. सुट्टीत ती घरी आली की तिची वह्या-पुस्तकं जेवणाच्या टेबलावर पसरतात. मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. केलेलं, त्यामुळे शब्द दिसले की हात शिवशिवतो. भाजी निवडता निवडता मीही तिच्याबरोबर धडे वाचते. त्यातल्या वजन-मापाच्या धड्यावर आमचं जे बोलणं झालं, ते तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं. मैत्रिणींनो, स्पॅनिश शिकायचं नसलं तरी वाचा. शेवटी गोष्ट आपल्या अंगणवाडीपर्यंत येणार आहे.

आधी प्रश्न ओळखा

स्पॅनिशमध्ये आपल्या ‘मोजणे’चे निदान तीन तुकडे होतात. किती नग, किती माणसं, किती नोटा, हा प्रश्न असेल तर क्रियापद ‘कोंतार’. किती लांब, किती उंच, किती लिटर, असं असेल तर ‘मेदिर’. आणि किती जड, असं असेल तर ‘पेसार’. म्हणजे तोंड उघडण्याआधी आपल्याला नक्की काय हवंय ते स्वतःला विचारावं लागतं. बाजारात केळी डझनावर घेतली तर ‘कोंतार’, किलोवर घेतली तर ‘पेसार’. केळी तीच, क्रियापद बदललं!

‘कोंतार’ची गंमत अशी की त्याचा दुसरा अर्थ ‘गोष्ट सांगणे’. गोष्टीला म्हणतात ‘क्वेन्तो’ आणि हॉटेलातल्या बिलाला ‘क्वेन्ता’. एक एक करून नाणी पुढे ठेवायची तशा एक एक करून घटना पुढे ठेवायच्या, बहुधा असाच काहीसा तो संबंध असावा. आपली आजी माळेचे मणी ओढता ओढता गोष्ट सांगायची, ते मला आठवलं.

भोपळा भरतो, दुकानदार तोलतो

खरी मजा ‘पेसार’मध्ये आहे. या एकाच क्रियापदाने दुकानदार भोपळ्याचं वजन करतो आणि भोपळाही त्याच क्रियापदाने स्वतःचं वजन सांगतो. ‘तो भोपळा पेसा करतो’ आणि ‘भोपळा दोन किलो पेसा’, दोन्हीकडे तेच रूप. माझी मुलगी म्हणाली, “आई, हे विचित्र आहे. भोपळा कसं वजन करेल?” मी म्हटलं, “अगं, आपणही म्हणतोच की! भोपळा दोन किलो भरला.” ती एकदम गप्प झाली. ‘भरणे’ हा शब्द तिच्या डोक्यातच नव्हता. तिच्या पिढीला सगळीकडे ‘वजन आहे’, ‘वजन केलं’ एवढंच सुचतं.

खरं म्हणजे इथे मराठी स्पॅनिशपेक्षा श्रीमंत आहे. आपल्याकडे वस्तू भरते आणि माणूस ती तोलतो. माझी कोकणातली मावशी मासे घेताना ‘जोखून दे’ म्हणायची. हातात धरून अंदाज घ्यायचा असेल तर आपण ‘जरा उचलून बघ’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये त्याला वेगळं क्रियापद आहे, ‘सोपेसार’. एखादं कलिंगड तळहातावर घेऊन वर-खाली करून बघतो ना, ते ‘सोपेसार’. आणि लगेच त्याचा दुसरा अर्थ येतो, फायद्या-तोट्याचा नीट विचार करणं. मुलीचं स्थळ, घराचं कर्ज, नोकरी सोडायची की नाही, हे सगळं ‘सोपेसार’ करायचं असतं.

आता माणसाचं बघा. उंची विचारायची तर स्पॅनिश माणूस विचारतो ‘क्वान्तो मीदेस?’ शब्दशः सांगायचं तर, तू किती मोजतेस? आणि उत्तर येतं ‘मीदो ऊनो सेसेन्ता’, मी एक-साठ मोजते. म्हणजे एक मीटर साठ सेंटिमीटर, आपल्या भाषेत पाच फूट तीन इंच. वजन विचारलं तर ‘पेसो’, मी अमुक किलो भरते. आपल्या शिकणाऱ्या मुली इथे हटकून ‘माझी उंची आहे’, ‘माझं वजन आहे’ अशी मराठी वळणाची वाक्यं जुळवायला बघतात. तसं नको. तिथे उंची आणि वजन या वस्तू नसून माणसाने करायची क्रिया आहे. अजून एक ध्यानात ठेवायचं. ‘मेदिर’ चालवताना मधला ‘मे’ बदलून ‘मी’ होतो, मीदो, मीदेस, मीदे. पण ‘आम्ही’ म्हणताना तो परत जागेवर येतो, मेदिमोस. ‘पेसार’ मात्र सरळमार्गी आहे, पेसो, पेसास, पेसा. काट्यावर स्वतः उभं राहून स्वतःचंच वजन करायचं असेल तर मागे ‘से’ लावायचा, ‘पेसारसे’.

मुलीची ही वाक्यं ऐकताना मला आपल्याकडचे लग्नाचे बायोडेटा आठवले. उंची, वर्ण, बांधा. दुसऱ्याने मोजून कागदावर मांडलेली मुलगी. ‘मी एक-साठ मोजते’ म्हणणाऱ्या मुलीच्या आवाजात निदान माप तरी तिचं तिनेच सांगितलेलं असतं.

पायली आणि फानेगा

स्वयंपाकघरात तर रोजच निवड करावी लागते. स्पॅनिश पाककृतीत पीठ ग्रॅममध्ये दिलं असेल तर ‘पेसार’, वाटीने किंवा कपाने दिलं असेल तर ‘मेदिर’. पीठ तेच, पण काटा काढायचा की वाटी, ते क्रियापद सांगतं. आपणही शेजारणीला केकची कृती सांगताना ‘पीठ घे’ म्हणून सोडून देतो आणि मग तिचा केक बसतो. वाटीने की वजनाने, ते सांगायला हवं. चाळलेलं पीठ आणि दाबून भरलेलं पीठ एकाच वाटीत वेगवेगळं भरतं, हे आपल्याला हाताला ठाऊक असतं.

जुन्या काळी आपल्याकडे धान्य तोलत नसत, मापत असत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ‘पायलीचे पंधरा’ आपण अजून म्हणतो. घराच्या उंबरठ्यावर तांदूळ भरलेलं माप ठेवतात आणि नवी नवरी ते पायाने लवंडून आत येते. लक्ष्मी मापाने येते, तागडीने येत नाही!

स्पेनमध्येही तसंच होतं. गहू मापायचं त्यांचं माप ‘फानेगा’. कॅस्टिल प्रांताचा फानेगा म्हणजे सुमारे साडेपंचावन्न लिटर, आणि त्याचा बारावा भाग ‘सेलेमिन’. त्यामुळे गव्हासाठी क्रियापद ‘मेदिर’. वजनासाठी ‘लिब्रा’ होता, पंचवीस लिब्रांचा एक ‘आरोबा’, म्हणजे साधारण साडेअकरा किलो. चार आरोबा झाले की एक ‘किन्ताल’. आपला क्विंटल तो हाच शब्द, अरबीतून युरोपात गेलेला आणि तिथून फिरत आपल्या बाजार समितीत आलेला. फक्त आपला क्विंटल शंभर किलोचा. ‘आरोबा’ही अरबीच, त्याचा मूळ अर्थ पाव हिस्सा. आणि गंमत ऐका, ई-मेलच्या पत्त्यात मध्ये जे गोल चिन्ह येतं, ज्याला आपण ‘ॲट’ म्हणतो, त्याला स्पॅनिश माणूस आजही ‘आरोबा’च म्हणतो. व्यापाऱ्यांच्या वहीतलं ते जुनं वजनाचं चिन्ह होतं!

स्पेनने मीटर-किलोचा कायदा १८४९ मध्ये केला, आपण १९५६ मध्ये. कायद्याने शेर आणि फानेगा दोन्ही गेले. पण तिथेही ‘पेसास ई मेदीदास’ आणि इथेही ‘वजनं-मापं’ ही जोडी तशीच राहिली. दोन्ही भाषांना ठाऊक होतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिंप्याकडे गेलात तर तिथे ‘मेदिर’ चालतं. माप घेणं म्हणजे ‘तोमार मेदीदास’, अगदी आपल्यासारखं ‘माप घेणे’. पण पेपरात सरकारने ‘मेदीदास’ घेतली अशी बातमी आली तर सरकार शिंपीकाम करत नाहीये, उपाययोजना करतंय. तयार कपड्याचा साईज म्हणजे ‘ताया’. चपलेला मात्र ‘नूमेरो’, आपण चपलेचा ‘नंबर’ म्हणतो तसंच! मेक्सिकोत ड्रेस अंगाला लावून, घालून बघायला ‘मेदिरसे’ म्हणतात. स्पेनमध्ये त्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘प्रोबारसे’. तेव्हा मेक्सिकोतली बाई दुकानात ‘मला हा ड्रेस मोजायचाय’ म्हणाली तर टेप शोधू नका, ट्रायल रूम दाखवा.

मनावरचं वजन

काट्यावरचं हे क्रियापद माणसाच्या मनात शिरतं, तिथे मी सगळ्यात जास्त रमले. ‘पेसार’ हेच नाम म्हणून वापरलं की त्याचा अर्थ होतो दुःख. ‘मे पेसा’ म्हणजे मला जड जातंय, मला वाईट वाटतंय. कुणाच्या घरी मयत झाली की भेटायला जाऊन जे दोन शब्द बोलतात, त्या सांत्वनाला नावच आहे ‘पेसामे’. म्हणजे, तुझं दुःख माझ्यावरही भार होऊन आहे. आपणही म्हणतो की जड अंतःकरणाने निरोप दिला, रडून मन हलकं झालं. काटा कुठलाही असो, दुःख सगळीकडे जडच भरतं.

‘आ पेसार दे’ म्हणजे ‘असूनही’. पाऊस असूनही ती आली, विरोध असूनही शिकली. भार आहे हे कबूल करून त्याच्यासकट पुढे जायचं, असा हा शब्द मला वाटतो. वाईट स्वप्नाला म्हणतात ‘पेसादिया’, छातीवर बसल्यासारखं ते ओझं. उगाच डोकं खाणारा माणूस ‘पेसादो’. मेक्सिको, चिली, कोलंबियाचं नाणं ‘पेसो’, म्हणजे मुळात वजनच, कारण चांदी तोलून पैसा व्हायचा. आणि ‘पेन्सार’, म्हणजे विचार करणे, हेही लॅटिनमधल्या त्याच तोलण्याच्या शब्दातून आलेलं भावंड आहे.

बोलण्याच्या बाबतीत मात्र ते मोजतात, ‘मेदिर लास पालाब्रास’, शब्द मोजून-मापून वापरणे. आपण दोन्ही करतो, ‘तोलून-मापून बोल’ म्हणतो. सासरी निघालेल्या मुलीला हा सल्ला मिळतो, मुलाला क्वचितच. इथे आपलं ‘झुकतं माप’ कुणाच्या पारड्यात पडतं ते सांगायला नको.

नुसतं तोलून भागत नाही

आता मुद्द्याची गोष्ट. मुलीच्या एका पुस्तकात आरोग्य केंद्राचा धडा होता. त्यात दोन क्रियापदं जोडीने आली होती, ‘पेसार ई तायार’. ‘ताया’ म्हणजे जसा कपड्याचा साईज तशीच माणसाची उंची, आणि ‘तायार’ म्हणजे उंची मोजणे. पेरू, ग्वाटेमाला अशा देशांत आई बाळाला घेऊन केंद्रावर जाते ती याच दोन कामांसाठी. ही जोडी वाचली आणि मी पुस्तक खाली ठेवलं. कारण आमच्या महिला मंडळातर्फे मी गेली काही वर्षं अंगणवाड्यांमध्ये जाते, आणि तिथे आया मला एकच गोष्ट सांगतात, “ताई, आज बाळाचं वजन केलं.” उंचीचं नाव क्वचितच निघतं. वजन हाच शब्द घराघरांत पोचलाय.

काय फरक पडतो? खूप पडतो. आमच्याकडे एक अडीच वर्षांची मुलगी होती. वजन साडेदहा किलो. वयाच्या मानाने थोडं कमीच, पण काळजीच्या रेघेच्या वर. आई निर्धास्त होती, आजी म्हणायची, “गुटगुटीत आहे माझी बाय.” सेविकेने उंची घेतली तर ८२ सेंटिमीटर. या वयाच्या मुलीची उंची साधारण ९० च्या आसपास असायला हवी. ती गुटगुटीत दिसत होती कारण ती बुटकी राहिली होती. नुसतं ‘पेसार’ झालं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

वजन हे कालच्या-परवाच्या खाण्याचं, आजारपणाचं सांगतं. जुलाब झाले की पटकन घटतं, बरं वाटलं की भरून येतं. उंची फार मागचं सांगते. आई गरोदर असताना काय जेवली, पहिली दोन वर्षं बाळाला वरचं अन्न कधी आणि काय मिळालं, किती वेळा आजारी पडलं, ते सगळं त्या सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून डॉक्टर तीन तक्ते बघतात: वयाला वजन, वयाला उंची आणि उंचीला वजन. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेले हे तक्ते आज आपल्याकडेही वापरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली, आणि सुमारे २६ टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी. ग्वाटेमालात २०१४-१५ च्या पाहणीत जवळपास निम्मी मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. एवढ्या लांबचा देश, पण दुखणं एकच.

तेव्हा घरात बाळ असेल तर अंगणवाडीत जाताना दोन प्रश्न घेऊन जा. किती भरलं? आणि किती मोजलं? दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी आडवं निजवून घेतात, त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून. चप्पल काढलेली असावी, टाचा भिंतीला टेकलेल्या असाव्यात, केसांचा अंबाडा किंवा वेणी मध्ये येऊ नये. वजन करताना जाड कपडे, स्वेटर काढावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात, तो साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर उशीर न करता डॉक्टरांकडे न्यावं. सेविका हे आकडे पोषण ट्रॅकर ॲपवर भरते. तिला कामं पुष्कळ असतात, हे मी जवळून बघते. पण आईने विचारलं की पट्टी कपाटातून बाहेर येते, हेही बघितलंय.

आणि विचारताना मुलगा आणि मुलगी दोघांचंही विचारा. मुलाचं वजन थोडं घटलं की घरात अंडी-केळी येतात. मुलीची उंची थांबली तर ‘आईवर गेलीय’ म्हणून सोडून देतात. आई बुटकी का राहिली, हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नाही.

माझी मुलगी परीक्षेच्या तयारीत आहे. तिने वहीत तीन ओळी लिहून ठेवल्यात: किती नग, कोंतार. किती लांब-उंच, मेदिर. किती जड, पेसार. मी आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर मराठीत दोनच ओळी लिहून घेतल्यात. बाळ किती भरलं? बाळ किती वाढलं? गेल्या महिन्यात एका आजीने त्या वाचल्या आणि नातीला पट्टीशी स्वतःच उभं केलं.